लहान रोध घरच्या घरी कसा मोजावा?

गिझरचा प्लग कधी कधी चटका बसेल इतका तापतो. दोष बहुधा सैल जोडात असतो. २००० वॅटच्या गिझरला २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर विद्युतधारा लागते. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम असला, तरी ९ × ९ × ०.१ म्हणजे सुमारे ८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागी सतत तयार होते. प्लास्टिक वितळते, प्रसंगी आग लागते.

एवढा लहान रोध साध्या मल्टीमीटरच्या ओहम पट्ट्यावर नीट मोजता येत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोधच त्याहून जास्त भरतो. म्हणून पुढील युक्ती करू.

साहित्य : १.५ व्होल्टचा मोठा सेल, १० ओहम १ वॅटचा रोधक, क्लिपा लावलेल्या वायरी, डिजिटल मल्टीमीटर.

कृती :
१) सेल, रोधक आणि मोजायची वायर एकसर जोडणीत जोडा.
२) मल्टीमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवून रोधकाच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजा.
३) लगेच २०० मिलिव्होल्टवर आणून वायरचे विभवांतर मोजा. मीटरची टोके क्लिपांवर न टेकवता, क्लिपांच्या आतल्या बाजूस थेट तारेवर टेकवा.
४) वायरच्या विभवांतराला रोधकाच्या विभवांतराने भागा व १० ने गुणा.

उदाहरणार्थ, रोधकावर १.४० व्होल्ट आणि वायरवर ०.०२८ व्होल्ट आले, तर वायरचा रोध ०.२ ओहम.

असे का? एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखीच असते, म्हणून विभवांतरांचे गुणोत्तर हेच रोधांचे गुणोत्तर. विभवांतर मोजताना मीटरमधून नगण्य धारा जाते, त्यामुळे त्याच्या वायरींचा रोध आड येत नाही. क्लिपांचा जोडही मोजमापाबाहेर राहतो. चार तारांची ही पद्धत लॉर्ड केल्विन (१८२४–१९०७) यांच्या नावाने ओळखली जाते.

पडताळा पाहा : १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १० मीटर तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.१७ ओहम यायला हवा. मग ती मधोमध कापून आधी सैल, नंतर घट्ट पीळ द्या आणि दोन्ही वेळा मोजा. फरक आपल्या वहीत लिहा.

सावधान : हा प्रयोग फक्त सेलवर, सुट्या वायरवरच करावा. घरातील चालू विजेच्या जोडणीला मुळीच हात लावू नये. तापणारा प्लग दिसला तर तो वापरणे थांबवून मोठ्यांना सांगावे आणि वायरमनला दाखवावा.