संगणकाची भूक

समजा, एका गावात शेजारीशेजारी दोन मळे आहेत. दोन्ही मळ्यांत सारख्याच आकाराचा एकेक हौद असून तो भरण्यासाठी विजेचा एकेक पंप बसविलेला आहे. पहिला पंप दांडगा आहे; तो तासाला ४ युनिट वीज घेतो. दुसरा त्या मानाने लहान. त्याला तासाला २ युनिट पुरतात. आता सांगा पाहू, या दोहोंत काटकसरी पंप कोणता?

तुम्ही चटकन म्हणाल, ‘दुसरा!’ पण जरा थांबा. मोठा पंप हौद एका तासात भरतो आणि बंद होतो. लहान पंपाला त्याच कामासाठी तीन तास लागतात. म्हणजे एक हौद भरण्यास मोठ्याला ४ युनिट लागले, तर लहानाला ६. जो दिसण्यात खादाड, तोच हिशेबात मितव्ययी ठरला!

या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र कोणत्याही क्षणी किती जोराने वीज घेते, ही एक बाब. आणि काम पुरे होईपर्यंत ते एकूण किती वीज घेते, ही दुसरी. पहिलीस शक्ती म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजतात. दुसरीस ऊर्जा म्हणतात आणि तिचे आपल्या घरातील माप म्हणजे युनिट होय. एक हजार वॅटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. आपल्या घरचा मीटर मोजतो ती ऊर्जा.

शाळेत किंवा घरी टेबलावर ठेवलेला संगणक हेही विजेवर चालणारे यंत्रच आहे. त्याच्या पोटात प्रोसेसर नावाचा एक लहानसा, चौकोनी भाग असतो. बेरीज-वजाबाकीपासून चित्रे दाखविण्यापर्यंत सगळ्या कामांची आज्ञा तोच देतो. म्हणून त्याला संगणकाचा मेंदू म्हणतात. निरनिराळ्या कंपन्या निरनिराळे प्रोसेसर बनवितात. त्यांपैकी रोजच्या वापरात कमी वीज कोणता घेतो, हे कसे ओळखावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर काढताना मोठी माणसेही पंपाच्या त्या कोड्याप्रमाणेच फसतात.

प्रथम प्रोसेसरला वीज का लागते ते पाहू. त्याच्या आत ट्रान्झिस्टर नावाची अतिसूक्ष्म बटणे असतात. ती एका सेकंदात अब्जावधी वेळा उघडझाप करू शकतात आणि या उघडझापीतूनच सारी गणिते होतात. १९४६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात असल्या बटणांचे काम काचेचे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह करीत असत. त्या एकट्या यंत्रास सुमारे १,५०,००० वॅट शक्ती लागे. आज नखाएवढ्या तुकड्यावर शेकडो कोटी ट्रान्झिस्टर मावतात आणि ते एखाद्या दिव्याइतक्या विजेवर चालतात. प्रत्येक उघडझापीला लागणारी वीज अत्यल्प असते. पण थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा खर्च साचत जातो.

आता दुकानात जाऊ. प्रोसेसरच्या माहितीपत्रकावर ‘६५ वॅट’ किंवा ‘१२५ वॅट’ असा एक आकडा दिलेला असतो. गिऱ्हाईक तो वाचते आणि समजते, की हा प्रोसेसर नेहमी इतकी वीज घेणार. वास्तविक तो आकडा मुख्यतः उष्णतेसंबंधी असतो. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ती बाहेर काढून टाकली नाही, तर प्रोसेसर तापेल. म्हणून ‘इतकी उष्णता वाहून नेणारा पंखा बसवा’, असे त्या आकड्याने संगणक जुळविणाऱ्यास सांगितलेले असते. तो घरच्या विजेचा हिशेब नव्हे.

याचे एक उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीचा २०२२ साली निघालेला कोअर आय-५ १२४०० आणि एएमडी कंपनीचा २०२३ साली निघालेला रायझेन ५ ७६०० या दोघांच्याही माहितीत ६५ वॅट हाच आकडा आहे. परंतु कामाचा भार वाढला, की पहिल्यास ११७ वॅटपर्यंत आणि दुसऱ्यास ८८ वॅटपर्यंत जाण्याची मुभा ठेवलेली आहे. आकडा एकच, मर्यादा मात्र वेगळ्या! आणि हे दोघेही रिकामे बसलेले असताना ६५ वॅटच्या पुष्कळ खाली येतात. तेव्हा माहितीपत्रकावरचा आकडा ना कमाल खर्च सांगतो, ना नेहमीचा.

मग नेहमीचा खर्च कशावर ठरतो? तुम्ही संगणकावर एखादा निबंध टंकलिखित करीत आहात, असे समजा. तुमची बोटे भराभर चालत आहेत असे तुम्हांस वाटते. पण दोन अक्षरांच्या मधला तो क्षण प्रोसेसरला फार मोठा असतो. तेवढ्या वेळात तो कोट्यवधी आज्ञा पाळू शकतो. त्याला मात्र पाळण्यासारखे फारसे काही नसते. तुम्ही वाचत असता, विचार करीत असता, पाणी प्यायला उठता, तेव्हा तर तो केवळ वाट पाहत असतो. रोजच्या वापरात प्रोसेसरचे बहुतेक आयुष्य काम करण्यात नव्हे, तर वाट पाहण्यात जाते.

म्हणून चांगला प्रोसेसर विश्रांती घेण्याची कला जाणतो. घरातील दक्ष माणूस ज्या खोलीत कोणी नाही तेथील दिवा मालवितो, त्याप्रमाणे तो आपले रिकामे भाग क्षणार्धात बंद करतो आणि बोलावणे येताच पुन्हा जागे करतो. काही प्रोसेसरांत दोन प्रकारची केंद्रे असतात: अवजड कामासाठी जोरकस केंद्रे आणि किरकोळ कामासाठी कमी वीज घेणारी लहान केंद्रे. तरीही थोडी वीज खर्च होतच राहते. बंद नळातूनही कधी थेंब ठिबकत राहतात, तसे बंद ट्रान्झिस्टरांतूनही अल्प प्रमाणात वीज पाझरते.

येथे कोणी विचारील, ‘मोठ्या पंपाप्रमाणे अतिवेगवान प्रोसेसरने काम झटपट संपवून झोपी जावे, हेच उत्तम नव्हे काय?’ पुष्कळदा ते खरे असते. पण नेहमी नव्हे. प्रोसेसरचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढवायचा, तर विजेचा दाबही वाढवावा लागतो. आणि दाब दुप्पट केला, तर प्रत्येक उघडझापीचा खर्च चौपट होतो. वेग १० टक्के वाढविण्यासाठी दाबही १० टक्के वाढवावा लागला, असे धरा. मग शक्तीचा खर्च सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. काम थोडे आधी संपते हे खरे. तरीही त्या कामास एकूण सुमारे २१ टक्के वीज अधिक लागते. वाऱ्याविरुद्ध सायकल हाकताना शेवटचा थोडासा वेग मिळविण्यासाठी किती दम लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. प्रोसेसरचेही तसेच आहे.

हा धडा कंपन्यांनाही अनुभवानेच शिकावा लागला. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांपर्यंत पोचला, तेव्हा त्याच्या उष्णतेचा आकडा ११५ वॅट झाला होता. ४०० कोटी ठोक्यांचा पुढचा प्रोसेसर आणण्याचा बेत कंपनीने २००४ साली सोडून दिला. पुढे २००६ साली तिने कोअर २ ड्युओ आणला. त्याचे ठोके पुष्कळ कमी होते आणि त्याच्या अनेक नमुन्यांच्या उष्णतेचा आकडा ६५ वॅटच होता. तरीही तो जुन्यापेक्षा जलद काम करी. कारण प्रत्येक ठोक्यात तो अधिक काम उरकीत असे. नुसती धावपळ म्हणजे काम नव्हे, हे यंत्रांच्या बाबतीतही खरे ठरले.

आता तुलनेची योग्य रीत एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. ॲपल कंपनीचा मॅक मिनी हा टेबलावर ठेवण्याचा लहानसा संगणक आहे. त्याच्या २०१८ च्या नमुन्यात इंटेलचा सहा केंद्रांचा प्रोसेसर मिळत असे. २०२० साली कंपनीने जवळजवळ तशाच पेटीत एम-१ नावाचा स्वतःचा प्रोसेसर घातला. त्यात सुमारे १,६०० कोटी ट्रान्झिस्टर असून चार जोरकस आणि चार कमी वीज घेणारी केंद्रे आहेत. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे जुना संगणक रिकामा असताना सुमारे २० वॅट आणि पूर्ण भार असताना १२२ वॅट घेतो. नवा संगणक रिकामा असताना सुमारे ७ वॅट आणि पूर्ण भारात ३९ वॅट घेतो. हे आकडे पडदा सोडून सबंध संगणकाचे आहेत. नवा प्रोसेसर कामातही मागे नाही. अनेक कामांत तो जुन्याहून चपळ आहे.

समजा, हे दोन्ही संगणक दिवसाला ८ तास सुरू आहेत. त्यांतील एक तास पूर्ण भाराचे काम होते आणि ७ तास ते जवळजवळ रिकामे असतात. जुन्याचा खर्च होईल ७ गुणिले २० म्हणजे १४०, अधिक १२२. एकूण २६२ वॅट-तास. नव्याचा होईल ७ गुणिले ७ म्हणजे ४९, अधिक ३९. एकूण ८८ वॅट-तास. वर्षातील ३०० दिवस धरले, तर जुन्यास सुमारे ७९ युनिट आणि नव्यास सुमारे २६ युनिट लागतील.

या गणितातील एक गोष्ट पुन्हा पाहा. जुन्या संगणकाच्या २६२ पैकी १४० वॅट-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक वीज, काम करण्यात नव्हे, तर नुसते वाट पाहण्यात गेली! नव्याचीही तीच कथा. केवळ पूर्ण भाराचे आकडे पाहणाऱ्याच्या नजरेतून हा अर्धा हिशेब निसटतो.

येथे मात्र प्रमाण विसरता कामा नये. छताचा ७५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पंखा ८ तासांत ६०० वॅट-तास वीज घेतो. म्हणजे त्या जुन्या संगणकाच्या दुपटीहून अधिक. तेव्हा एका घरापुरता हा फरक लहान आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत असे ३० संगणक असतील, तर वर्षाला दीड हजारांहून अधिक युनिटांचा फरक पडतो. आणि याच बचतीसाठी चालता संगणक टाकून नवा घेणे शहाणपणाचे असतेच असे नाही. कारण नवा प्रोसेसर तयार करण्यासही पुष्कळ वीज आणि पाणी खर्च होते. त्यापेक्षा जुन्याच संगणकाच्या सात रिकाम्या तासांपैकी पाच तास तो बंद ठेवला, तर रोजचे १०० वॅट-तास काहीही विकत न घेता वाचतात.

तुमच्या घरी संगणक असेल, तर वडील माणसांच्या देखत एक प्रयोग करून पाहा. विजेच्या मीटरला हात लावू नका; नुसते निरीक्षण करा. त्यावर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि जवळच एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ती संख्या छापलेली असते. अनेक मीटरांवर ती ३२०० असते. घरातील इतर उपकरणे थोडा वेळ बंद करवून घ्या. संगणक रिकामा असताना १० मिनिटांत तो दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मग संगणकास भारी काम देऊन पुन्हा मोजा. ३२०० च्या मीटरवर २० वॅटचे यंत्र १० मिनिटांत १० ते ११ वेळा दिवा लुकलुकवील, तर १२२ वॅटचे यंत्र सुमारे ६५ वेळा. पडदाही सुरू असेल, तर त्याची वीज यात मिळालेली असते, हे ध्यानी ठेवा.

अशा मोजणीनंतर ‘कोणता प्रोसेसर कमी वीज घेतो?’ असे तुम्हांस कोणी विचारले, तर चटकन उत्तर देऊ नका. उलट त्यालाच विचारा, ‘तुमचा संगणक दिवसातून किती तास काम करतो आणि किती तास वाट पाहतो?’ खरी तुलना तेथूनच सुरू होते. माहितीपत्रकावरचा आकडा दुकानात उपयोगी पडतो. पण घरचा हिशेब घरच्या मीटरवरच वाचावा लागतो.