आईच्या बाटलीतले सेलेनियम

गेल्या वर्षी आईच्या औषधांच्या डब्यात नवी बाटली दिसली. वर ठळक ‘अँटिऑक्सिडंट’, खाली बारीक अक्षरांत सेलेनियम. “रोज दोन घेते. शरीरातला गंज जातो म्हणे,” आई म्हणाली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तरी तिला चटकन उत्तर देता आले नाही.

सेलेनियम हे गंधकाचे भावंड. बर्झेलियसने १८१७ साली ते शोधले, पण पुढची शंभरेक वर्षे त्याची ओळख विष म्हणूनच होती. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्त्स यांनी दाखवले, की अत्यल्प सेलेनियममुळे उंदरांचे यकृत वाचते. का, ते १९७३ मध्ये उलगडू लागले. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकरात सेलेनियम सापडले.

पेशीत सतत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असते. हे विकर त्याचे पाणी करते. विकराच्या नेमक्या कामाच्या जागी गंधकवाल्या सिस्टीनऐवजी सेलेनोसिस्टीन बसलेले असते. सेलेनियम इलेक्ट्रॉन चटकन देते आणि तितक्याच सहज पूर्ववत होते. गंधकाचे अती ऑक्सिडीकरण झाले तर ते बहुधा कायमचे अडकते. या एका अणूसाठी पेशी केवढा खटाटोप करते! जनुकीय लिपीत यूजीए या तीन अक्षरांचा अर्थ ‘इथे थांबा’. पण संदेशाच्या शेपटीकडे एक ठरावीक घडी असली, की तिथेच सेलेनोसिस्टीन जोडले जाते. माणसात अशी प्रथिने बनवणारी जनुके अवघी २५.

आता आईचा ‘गंज’. पेरॉक्साइड हा निव्वळ कचरा नव्हे. थायरॉइड ग्रंथी ते मुद्दाम बनवते, कारण त्याशिवाय तिचे संप्रेरक तयार होत नाही. इन्सुलिनचा निरोप पेशीत पुढे जातानाही थोडे पेरॉक्साइड लागते. म्हणजे विकराचे काम सफाईपेक्षा नियमनाचे. शिवाय विकरातल्या जागा मोजक्या; त्या भरल्या, की वरच्या सेलेनियमला तिथे काम उरत नाही.

कमतरता मात्र जीवघेणी ठरते. चीनमधल्या केशान भागातल्या मातीत सेलेनियम फार कमी. तिथे मुले आणि तरुण स्त्रिया हृदयविकाराने दगावत. १९७० च्या दशकात सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्यावर हे प्रमाण झपाट्याने उतरले. उलट आपल्या पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या काही शेतांत सेलेनियम इतके जास्त, की जनावरांचे खूर झडतात. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले. प्रोस्टेटचा कर्करोग टळेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. त्यातले बहुतेक मुळात सेलेनियमला तुटलेले नव्हतेच. मला हाच यातला कळीचा मुद्दा वाटतो.

प्रौढाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरते. आईच्या एका गोळीत १०० होते. बाटली घेऊन आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती बंद करायला सांगितली. “आणि गंज?” आईने विचारले. मग घरी येऊन मी तिला थायरॉइडपासून सगळे सांगायला बसलो.