डोळ्याचं क्रॉसलिंकिंग दुसऱ्यांदा करावं लागतं का?
वडगाव मावळ : केराटोकोनसमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे टोकदार येतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. क्रॉसलिंकिंगमध्ये जीवनसत्त्व ब-२ चे थेंब टाकून अतिनील किरण देतात. पडदा कडक होतो, बिघाड थांबतो. गेलेली नजर परत येईलच, असं मात्र नाही.

बहुतेकांना एकदाच पुरतं. पण कमी वय असेल किंवा डोळे चोळायची सवय सुटली नसेल, तर आजार पुन्हा वाढू शकतो. मग दुसऱ्यांदा करता येतं. नेहमीच्या पद्धतीला पडद्याची जाडी साधारण ४०० मायक्रॉन लागते. लोकलने पुण्याला तपासणीला जाताना टोपोग्राफीचे जुने रिपोर्ट न्याच, तुलना त्यावरच होते. आणि भात झोडताना कुसळ-धूळ गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने डोळे धुवा.