‘जोगिया’ : मैफल संपल्यावरची गायिका

मार्केट यार्डातला फुलबाजार ओसरल्यावर कधी पाहिलाय? जमिनीवर चुरगळलेल्या पाकळ्या, रिकाम्या पाट्या. इथे केवढी गर्दी होती, ते त्यावरूनच कळतं. ग. दि. माडगूळकरांची ‘जोगिया’ ही कविता अशाच वेळी सुरू होते. मैफल संपलीय, रसिक गेलेत, गालिचा दुमडलाय आणि गाणारी कलावंतीण एकटी जागी आहे.

शिकवताना आपण तिला ‘बिचारी’ म्हणून मोकळे होतो, नाहीतर ती देह विकते म्हणून कविताच टाळतो. गदिमा यातलं काहीच करत नाहीत. आधी ते तिला कामात दाखवतात : विड्याचं पान नखलणारी बोटं, कललेली मान, ओठांवरची गुणगुण, झुंबराचा निळा उजेड. इथे ती जिवंत होते. मग कवी बाजूला होतो आणि तीच बोलू लागते. एका तरुणाने मनापासून प्रेम सांगितलं, तिने हसून दाम वाढवायला सांगितला. तो गेला, तो गेलाच. तिने त्याचं नावही विचारलं नव्हतं. म्हणून वर्षातून एकदा, त्याच तिथीला, ती व्रतस्थ राहून जोगिया गाते.

जोगिया हा पहाटेचा करुण राग. आपली चूक ती कुणावर ढकलत नाही, तिचं गाणं करते. आपलं मन हलतं ते इथे.

मुलांना एवढंच विचारा : तिची कीव येते की आदर वाटतो? कोणत्या ओळीमुळे? उत्तरासाठी मुलं पुन्हा कविता वाचतील.