प्राध्यापकांनी शिकवायला शिकायचे कुठे?

शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. लागते; महाविद्यालयात नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण तेही पर्याय निवडण्याचे. प्रत्यक्ष शिकवणे नवा प्राध्यापक बहुधा आपल्या जुन्या सरांचे पाहूनच उचलतो.

ही उणीव भरण्यासाठी १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उघडली. नवोदितांना ओरिएंटेशन, अनुभवींना रिफ्रेशर, अशी रचना. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. मुंबई, पुणे, नागपूर येथेही ती आहेत. पाट्या बदलल्या, अडचण तीच राहिली. हे अभ्यासक्रम पदोन्नतीशी जोडलेले असल्याने केवळ प्रमाणपत्रासाठी येणारे बरेच असतात, आणि व्याख्यानपद्धतीच्या मर्यादाही तिथे व्याख्यानातूनच सांगितल्या जातात.

खरा उपयोग होतो तो वर्गात. सहकाऱ्याने तासाला मागे बसून नोंदी घ्याव्यात, नंतर दोघांनी निवांत बोलावे: प्रश्न कुणाला विचारले, उत्तराची वाट किती पाहिली, मागच्या बाकांपर्यंत काय पोहोचले. ही नोंद गोपनीय अहवालात जाणार नाही, एवढी हमी मात्र हवी. नाहीतर त्या दिवशी फक्त घोटून तयार केलेला तास पाहायला मिळतो.