यंत्राच्या पडद्यावरील रेघ आणि मोकळी जागा

रास्त भाव दुकानातील अंगठा घेणारे यंत्र, एस.टी. वाहकाच्या हातातील तिकीट यंत्र, बँकेचे एटीएम ही यंत्रे आज केळझरसारख्या गावातील प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची झाली आहेत. त्यांच्या पोटात एकाच ठरावीक कामासाठी बसवलेला लहानसा संगणक असतो. अशा रचनेस 'एम्बेडेड सिस्टीम' म्हणतात आणि तिच्या पडद्यावरील बटण, यादी, आकड्यांचा रकाना या प्रत्येक घटकास 'विजेट' म्हणतात. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी संगणक व इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात आहेत, तर अनेक पालक ही यंत्रे रोज हाताळतात. या दोघांना जोडणारा एक साधा विषय आम्ही येथे मांडत आहोत. तो म्हणजे विजेटची चौकट आणि तिच्या आतबाहेरची मोकळी जागा.

तीन अंतरे

घराची उपमा घेतल्यास हा विषय सहज समजतो. घराची भिंत म्हणजे विजेटची चौकट, अर्थात 'बॉर्डर'. भिंतीपासून आतील सामानापर्यंत सोडलेली जागा म्हणजे 'पॅडिंग'. आपल्या भिंतीपासून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंतची जागा म्हणजे 'मार्जिन'. ही तीन अंतरे वेगवेगळी असून प्रत्येकाचे काम निराळे आहे. बॉर्डर हद्द दाखवते, पॅडिंग अक्षरांना श्वास घेऊ देते आणि मार्जिन एका बटणाचा स्पर्श दुसऱ्यावर जाण्यापासून रोखते.

एक हिशेब करून पाहू. लहान यंत्रांत २.८ इंचांचा, ३२० गुणिले २४० बिंदूंचा पडदा बराच वापरला जातो. त्यावर शेजारी शेजारी दोन बटणे हवी आहेत. डाव्या कडेला १२, उजव्या कडेला १२ आणि मध्ये १२ बिंदू सोडले, तर २८४ बिंदू उरतात आणि प्रत्येक बटणाच्या वाट्याला १४२ येतात. त्यातून दोन्ही बाजूंची २ बिंदूंची बॉर्डर आणि ८ बिंदूंचे पॅडिंग वजा केले, की अक्षरांसाठी १२२ बिंदू शिल्लक राहतात. या पडद्यावर १२ बिंदू म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. नवखा प्रोग्रामर प्रथम याच दोन मिलिमीटरांवर हात मारतो, कारण ती जागा त्याला रिकामी दिसते.

'एलव्हीजीएल' हे अशा पडद्यांसाठी जगभर वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात बॉर्डर विजेटच्या मापातच मोजली जाते. म्हणून बॉर्डर जाड केली की बटण मोठे होत नाही, आतील जागा घटते. बटण निवडले गेल्याची खूण म्हणून काढायची 'आउटलाइन' मात्र मापाबाहेर असते. ती काढल्याने आतील अक्षरे जागची हलत नाहीत. बटण दिसते त्याहून थोडे अधिक क्षेत्र स्पर्शाला प्रतिसाद देईल, अशीही सोय त्यात आहे. परंतु शेजारचे बटण चिकटून असेल, तर ही सोय कामाची राहत नाही.

देवनागरीची गरज

इंग्रजीसाठी ठरवलेली अंतरे मराठीला जशीच्या तशी लावता येत नाहीत. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर अक्षराच्या खाली उकार येतो. वरचे पॅडिंग कमी पडून अनुस्वार कापला गेला, की 'भांडे'चे 'भाडे' होते. खालचा उकार चौकटीत बुडाला, की 'कुळ'चे 'कळ' होते. चौकटीची वरची रेघ शिरोरेषेला टेकली, तर दोन्ही रेघा एकजीव होऊन शब्दच ओळखू येत नाही. म्हणून मराठी बटणाला वरखाली अधिक जागा द्यावी लागते. जागा नसेल तर शब्द लहान निवडावा, पण मात्रा कापू नये.

मतपत्रिकेवरील पट्टी

या अंतराचे मोल समजावे, असे उदाहरण आपल्या लोकशाहीच्या इतिहासातच आहे. राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि प्रत्येक मताचे समान मूल्य, हे तत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत अधोरेखित केले. ते तत्त्व प्रत्यक्षात आणण्यासाठी निरक्षर मतदाराच्याही हाताला चुकणार नाही, असे साधन आवश्यक होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी होती. पुढे एकाच कागदावर सर्व नावे आणि त्यावर शिक्का, ही पद्धत आली आणि अंतराचा प्रश्न उभा राहिला. शिक्का दोन नावांच्या मध्ये पडला तर मत कोणाचे?

यावरचा उपाय म्हणजे दोन उमेदवारांच्या चौकटींमध्ये छापलेली छायांकित पट्टी. शिक्का थोडा चौकटीत व थोडा पट्टीवर पडला, तर मत त्या चौकटीतील उमेदवाराचे धरले जाते. तो दोन चौकटींवर पडून संदेह निर्माण झाला, तर मत बाद होते. आज संगणकाच्या भाषेत ज्याला मार्जिन म्हणतात, तेच काम ही पट्टी करत होती. थरथरत्या हाताचे मत ती वाचवत होती.

मतदान यंत्राचा पहिला वापर १९८२ मध्ये केरळातील परूर येथे झाला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचा सहभाग होता. त्याच्या मतदान एककावर १६ बटणे आहेत. यात चौकटी कागदावर आणि बटणे यंत्रावर असल्याने दोहोंची सांगड महत्त्वाची ठरते. उमेदवारांची नावे वेगळी करणारी जाड काळी रेघ यंत्रावरील खाचेच्या सरळ रेषेत आलीच पाहिजे, असे निवडणूक अधिकाऱ्यांना सांगितलेले असते. न वापरलेली बटणे झाकून ठेवली जातात.

ही सांगड बिघडल्यास काय होते, हे अमेरिकेने २००० साली अनुभवले. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच काउंटीच्या मतपत्रिकेवर नावे दोन पानांवर समोरासमोर आणि छिद्रे मधल्या एकाच ओळीत होती. डाव्या पानावर दुसरे नाव अल गोर यांचे होते, पण दुसरे छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे होते. तेथे १९,००० हून अधिक मतपत्रिका दोन छिद्रे पडल्याने बाद झाल्या. संपूर्ण राज्याचा निकाल मात्र अवघ्या ५३७ मतांनी लागला आणि त्यावर देशाचे अध्यक्षपद ठरले. मतदार शिकलेले होते. दोष मांडणीचा होता.

चुकीचे बटण दाबले गेले की आपल्याकडे दोष माणसाला दिला जातो. 'वाचता येत नाही का?' हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकला आहे. म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, यंत्रापुढे गोंधळ झाला तर संकोचून मागे सरू नये. बटणे खेटलेली असू शकतात, अक्षर कापलेले असू शकते. तसे स्पष्टपणे सांगावे. आणि जे माजी विद्यार्थी असे पडदे घडवतात, त्यांनी दोन बटणांमधील जागा उरलीसुरली समजू नये. तिचे माप आधी ठरवावे, मग उरलेल्या जागेत बटणे बसवावीत. काम पूर्ण झाल्यावर तो पडदा कार्यालयातील सहकाऱ्याआधी शेतातून आलेल्या आईच्या हाती द्यावा. तिचे बोट जेथे अडखळेल, तेथे माप पुन्हा घ्यावे.