घरट्याकडे परतणारी भिंगरी

जो मनुष्य एका ठिकाणी स्वस्थ बसत नाही त्याच्या पायाला भिंगरी लागली आहे, असे मराठीत म्हणतात. मुलांच्या खेळण्यातील गरगर फिरणारी भिंगरी सर्वांच्या परिचयाची आहे. पण याच नावाचा एक पक्षी आहे आणि हे नाव त्यालाही तितकेच शोभते. जागेपणीचा बहुतेक वेळ तो हवेत घालवितो. अन्न तो उडता उडता पकडतो आणि पाणीही तळ्याच्या पृष्ठभागाला चोच लावून उडता उडताच पितो. अशा या भटक्या पक्ष्याला वर्षातून एकदा मात्र एका ठरावीक जागेची ओढ लागते. ती जागा पुष्कळदा मनुष्याच्या घराची असते.

रायपूरसारख्या शहरात होळी होऊन गेली व ऊन तापू लागले म्हणजे जुन्या घरांच्या व्हरांड्यांत पुढील दृश्य पाहावयास मिळते. एखाद्या सकाळी विजेच्या तारेवर दोन भिंगऱ्या येऊन बसतात. त्यांतील एक छतापाशी झेप घेते, गतवर्षीच्या मातीच्या घरट्याच्या अवशेषाला क्षणभर बिलगते आणि परत जाते. दुसऱ्या दिवशी हाच प्रकार पुन्हा घडतो. त्यानंतर तीन-चार दिवस कोणीच फिरकत नाही. घरातील माणसांना वाटते की, पक्ष्यांनी ही जागा सोडली. इतक्यात छत्तीसगढात अक्ती या नावाने पाळली जाणारी अक्षय तृतीया जवळ येते, लग्नसराई सुरू होते, घराला चुना लावावयाचे ठरते आणि छताला चिकटलेला मातीचा तो तुकडा खरवडून काढला जातो. पक्षी येतो तेव्हा जागा मोकळी असते. ही चूक दुष्टपणाची नव्हे. ती केवळ अज्ञानाची आहे. आरंभीच्या दिवसांतील या ये-जा करण्याचा अर्थ समजला तर ती सहज टळू शकेल.

तीन प्रकारच्या भिंगऱ्या

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, मार्च-एप्रिलमध्ये आकाशात दिसणाऱ्या सर्वच भिंगऱ्या एका जातीच्या नसतात. रायपूरच्या परिसरात त्यांच्या निदान तीन जाती सहज ओळखता येतात. कपाळ व कंठ तांबूस आणि कंठाखाली गडद पट्टा असलेली माळभिंगरी ही हिवाळी पाहुणी होय. ती पावसाळ्याच्या अखेरीस येते, भाताच्या शेतांवर व तळ्यांवर हिवाळा काढते आणि उन्हाळा लागताच उत्तरेकडे आपल्या विणीच्या प्रदेशात निघून जाते. दुसरी तारवाली भिंगरी. तिचा माथा तांबूस, पाठ चकचकीत निळी व पोट शुभ्र असते आणि शेपटीतून दोन बारीक तारा निघालेल्या असतात. ही पाण्याजवळच राहते आणि पुलांच्या किंवा मोऱ्यांच्या खाली, पाण्याच्या वर, उघड्या वाटीसारखे घरटे बांधते. खारून नदीसारख्या नदीवरील पूल हे तिचे आवडते स्थान होय.

तिसरी म्हणजे लाल कमरेची भिंगरी. शेपटीच्या मुळाशी असलेला तांबूस पट्टा, खोल दुभागलेली शेपटी आणि छाती-पोटावरील बारीक रेषा या तिच्या खुणा आहेत. तिचे वजन सुमारे वीस ग्रॅम असते. घराच्या छताला, पडक्या इमारतीत किंवा खडकाच्या कपारीत ती चिखलाचे घरटे बांधते. आडव्या सुरईसारखा त्याचा आकार असून आत जाण्यासाठी एक अरुंद नळी असते. व्हरांड्यात येणारी पाहुणी बहुधा हीच. पुष्कळ लोक तिला पाकोळी समजतात. पण पाकोळीला तारेवर बसता येत नाही, भिंगरी मात्र ऐटीत बसते. एवढी एक खूण दोघींतील भेद ओळखण्यास पुरेशी आहे.

यावरून वसंतातील गोंधळाचे एक कारण स्पष्ट होते. ज्या दिवसांत माळभिंगऱ्या थव्यांनी तारांवर जमून उत्तरेस प्रयाण करतात, त्याच दिवसांत लाल कमरेच्या भिंगऱ्या घरट्याच्या जागा पाहू लागतात. तारांवरील थवा नाहीसा झाला म्हणजे पाहणारा समजतो की, आपल्या घरची पाखरेही गेली. वस्तुतः गेली ती दुसरीच असतात.

लाल कमरेच्या भिंगरीची भारतीय द्वीपकल्पात राहणारी उपजात शास्त्रीय जगाला प्रथम परिचित झाली ती महाराष्ट्राच्या भूमीवरून. दख्खनच्या पक्ष्यांची यादी तयार करणारे कर्नल सायक्स यांनी 1832 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याच्या कवायतीच्या मैदानावर लागोपाठ दोन वर्षे मार्च महिन्यात हे पक्षी अगणित संख्येने उतरले, एक-दोन दिवस विसावले आणि नंतर तितक्या संख्येने पुन्हा कधी दिसले नाहीत, असे त्यांनी नमूद केले आहे. आज हे ज्ञात आहे की, हिमालयातील भिंगऱ्या हिवाळ्यात द्वीपकल्पात उतरतात व स्थानिक भिंगऱ्यांत मिसळतात. मार्चमध्ये एकाएकी येणारे व एकाएकी नाहीसे होणारे थवे अशा परत जाणाऱ्या प्रवाशांचे असू शकतात.

तोच पक्षी परत येतो काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक जुना व गमतीदार प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. देवीच्या लशीमुळे ज्यांचे नाव घरोघरी झाले त्या एडवर्ड जेन्नर यांनी बारा पाकोळ्या पकडून प्रत्येकीच्या पायाची दोन नखे कापली व त्यांना सोडून दिले. पुढील वर्षी खुणेच्या काही पाकोळ्या त्याच जागी सापडल्या. सात वर्षांनंतर एका मांजरीने शेतकऱ्याच्या घरात एक पाकोळी आणून टाकली. तिच्या पायावरही तीच खूण होती.

नखे कापण्याऐवजी पायात क्रमांक घातलेले हलके कडे अडकविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. इंग्लंडमध्ये मे 1911 मध्ये कडे घातलेली एक माळभिंगरी डिसेंबर 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा या चिमुकल्या पक्ष्याच्या प्रवासाची लांबी प्रथमच निःसंशय सिद्ध झाली. भारतातही बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांना कडी घातली. अशा अभ्यासांवरून भिंगऱ्यांविषयी एक सर्वसामान्य नियम आढळून आला आहे. एकदा यशस्वी रीतीने पिले वाढविलेला प्रौढ पक्षी बहुधा त्याच जागी किंवा तिच्या अगदी निकट परततो. पहिल्याच विणीला आलेला तरुण पक्षी मात्र अनेक जागा पाहत हिंडतो. व्हरांड्यात येऊन लगेच घरट्याला बिलगणारा पक्षी पूर्वपरिचित असण्याचा संभव अधिक. साऱ्या खोल्यांतून घिरट्या घालून जाणारा बहुधा नवखा असतो.

ये-जा कशासाठी?

जागा परिचित असूनही पक्षी तेथे का थांबत नाही? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण अन्न. भिंगरी फक्त उडते कीटक खाते. धान्य टिपणाऱ्या चिमणीप्रमाणे तिला एका जागी पोट भरता येत नाही. जेथे हवेत कीटक दाटले असतील तेथे तिला जावे लागते. घरट्यात अंडी नसेपर्यंत तेथे थांबण्याचे तिला कारण नसते. म्हणून ती दिवस तळ्यांवर व शेतांवर घालविते, रात्री अन्यत्र विसावा घेते आणि घराकडे केवळ फेरी मारून जाते.

दुसरे कारण चिखल. घरटे बांधावयाचे तर ओली, चिकट माती पाहिजे. वाळूची माती वाळताच ढासळते. चिकणमातीचा अंश असलेली माती टिकते. रायपूरच्या परिसरातील कन्हार नावाची काळी माती अशी चिकट आहे. एप्रिल-मे महिन्यांत तळ्यांचे पाणी आटत जाते व काठाला ओल्या मातीचा नवा पट्टा उघडा पडतो. भिंगऱ्यांना पाऊस नसतानाही तेथे साहित्य मिळते. परंतु ज्या तलावांचे काठ दगड-सिमेंटने बांधून काढलेले असतात तेथे ही सोय राहत नाही आणि पक्ष्याला वळवाच्या सरीची किंवा एखाद्या गळक्या नळाची वाट पाहावी लागते. माती चोचीतून गोळी-गोळीने आणावी लागते. अमेरिकेतील कड्यांवर राहणाऱ्या भिंगरीच्या एका घरट्यात अशा सुमारे हजार गोळ्या असतात. त्यातही घाई करून चालत नाही. खालचा थर सुकण्यापूर्वी वरचा चढविला तर सर्व रचना स्वतःच्या भाराने खाली येईल. म्हणून काही वेळ बांधकाम आणि मग दीर्घ खंड, असा क्रम चालतो. बांधकाम अर्धवट टाकले आहे असे जे वाटते, ते पुष्कळदा सुकण्यासाठी ठेवलेले असते.

तिसरे कारण जोडीदार व प्रतिस्पर्धी. जागा आपली आहे हे इतरांना पटवून देण्यासाठी पक्ष्याला वारंवार तेथे हजेरी लावावी लागते. चिमण्यांना भिंगरीचे तयार घरटे फार आवडते. त्याच्या नळीतून गवताच्या काड्या बाहेर लोंबताना दिसल्या तर घरटे चिमण्यांनी बळकाविले आहे असे समजावे.

लवकर येण्याचे मोल

या आरंभीच्या फेऱ्यांचा सर्वांत बारकाईने विचार झाला आहे तो उत्तर अमेरिकेत. तेथील जांभळी भिंगरी ही त्या खंडातील सर्वांत मोठी भिंगरी होय. युरोपीय वसाहती होण्यापूर्वी मूळचे रहिवासी तिच्यासाठी पोकळ भोपळे टांगून ठेवीत. आज रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशात ती जवळजवळ सर्वस्वी मनुष्याने दिलेल्या घरट्यांतच राहते. वसंतात एक-दोन पक्षी प्रथम येतात, जागा पाहतात व दिसेनासे होतात. हे हेर असून थव्याला बोलावण्यासाठी परत गेले, अशी तेथील लोकांची समजूत होती. निरीक्षणांती ती खरी ठरली नाही. प्रथम येणारे पक्षी म्हणजे वयाने मोठे, जागेची माहिती असलेले पक्षी. ते कोणाला बोलावण्यास जात नाहीत, अन्न शोधण्यास जातात. एक वर्षाचे तरुण पक्षी कित्येक आठवडे मागाहून येतात. 2007 मध्ये पेनसिल्व्हेनियात काही जांभळ्या भिंगऱ्यांच्या पाठीवर प्रकाशाची नोंद ठेवणारी सूक्ष्म उपकरणे बसविण्यात आली. त्यांपैकी एक मादी ब्राझीलहून आपल्या जागी अवघ्या 13 दिवसांत परतली होती.

इतकी घाई का? जो अगोदर येतो त्याला उत्तम जागा मिळते. परंतु या घाईत प्राणसंकटही असते. मे 1996 मध्ये नेब्रास्का राज्यात सुमारे सहा दिवस थंडी व पाऊस टिकून राहिला. हवेतील कीटक नाहीसे झाले आणि चार्ल्स ब्राऊन व मेरी ब्राऊन हे ज्यांचा अभ्यास करीत होते, त्या कड्यांवरील भिंगऱ्यांपैकी सुमारे निम्म्या उपासमारीने मेल्या. जगलेल्या पक्ष्यांत मोठ्या शरीराचे पक्षी अधिक होते; मोठ्या देहात साठविलेली शक्ती त्यांना तारून गेली.

रायपूरला अशा थंडीचे भय नाही. पण काळाचा हिशेब येथेही चुकविता येत नाही. सुमारे दोन आठवडे अंडी उबविणे व त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळ पिलांना भरविणे, एवढा अवधी एका विणीला लागतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागतो. झडीच्या दिवसांत कीटक उडत नाहीत. एप्रिलमध्ये ज्या जोडीचे जुने घरटे शाबूत असते तिला केवळ डागडुजी करावी लागते. ज्या जोडीचे खरवडले गेले तिला शेकडो गोळ्या नव्याने आणाव्या लागतात. छतावरील मातीच्या तुकड्याचे मोल असे कित्येक दिवसांच्या श्रमाचे आहे.

घरच्या माणसांचे कर्तव्य

या पक्ष्यासाठी मनुष्याला फारसे काही करावे लागत नाही. पुष्कळसे न करणे एवढेच पुरे. चुना लावावयाचा तर तो दिवाळीच्या सफाईत लावावा. तोपर्यंत वीण आटोपलेली असते. तेव्हाही घरट्याचा भाग सोडून द्यावा. घाणीचा त्रास होत असेल तर घरट्याखाली हातभर अंतरावर एक फळी ठोकावी. व्हरांड्याची जाळी किंवा खिडकी बंद करण्यापूर्वी आत कोणी वसती केली आहे काय ते पाहावे. अंगणाच्या कोपऱ्यात चिकणमातीचा एक वाफा उन्हाळाभर ओला ठेवला तर भिंगऱ्या तेथून माती नेतील. दाणे घालण्याचा उपयोग नाही. ती ते खात नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश केला आहे, हेही जाणून असावे.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो धीर. पक्षी आला, गेला आणि आठवडाभर दिसला नाही, एवढ्यावरून त्याने घर सोडले असे मानू नये. तो तळ्यावर कीटक पकडीत असेल, चिखल ओला होण्याची वाट पाहत असेल किंवा पहिला थर सुकण्याची. विणीच्या दिवसांत छताकडे हात नेण्यापूर्वी पावसाळा सरेपर्यंत थांबावे. तेवढ्या अवधीत त्या मातीच्या नळीतून पिलांची तोंडे बाहेर डोकावण्याचा संभव आहे. आणि त्यांतून वाचलेला एखादा पक्षी पुढील होळीनंतर त्याच परिसरातील एखाद्या तारेवर येऊन बसेल.